ऐच्छिक

तहसीलच्या मागच्या खोलीत एक स्कॅनर,
एक कूलर (पाणी नसलेला), आणि मी.
उदगीर नऊला झोपत नाही, पण लाईन जरा मोकळी होते,
म्हणून मी रात्री पाठवते.

निजामाच्या वेळचे बस्ते.
कागद असा की बोट लावलं तर बोटासोबत येतो.
एका बस्त्यात चारशे पानं,
एक फाईल पावणेदोन जीबी.

प्रोग्रॅम फुकटचा, लातूरहून कुणीतरी टाकून दिलेला.
त्याच्या नियमांचा कागद मी डिक्शनरी घेऊन वाचला.
लिहिलंय: तुटलेली फाईल तुटल्या जागेपासून
पुन्हा सुरू करता येईल.
येईल. आलीच पाहिजे, असं कुठंच नाही.
आमच्या शाळेत चित्रकला अशीच होती,
दर शुक्रवारी, शेवटचा तास.
मास्तर नव्हते.

सत्त्याण्णव टक्क्यांवर लाईट जाते.
येते तेव्हा प्रोग्रॅम मला ओळखत नाही,
फाईलला ओळखत नाही,
शून्यावर येऊन बसतो, नव्या नवरीसारखा.

खतीब सर उर्दू वाचून सांगायचे, मी नावं टाकायची.
चहा आला की ते कडब्याची एक काडी
ओळीखाली आडवी ठेवायचे.
चहा, पान, अस्रची नमाज,
कधी मधेच कुणाचा तरी वारसाचा अर्ज.
तासाभरानं येऊन काडी उचलायची
आणि त्याच शब्दापासून पुढं:
"...आणि उत्तरेस नाला."

आता रात्री एकच्या सुमारास
लातूरच्या टोकाला बिराजदार असतात.
फाईलचं नाव मी मराठीत दिलेलं, गावासकट.
तिकडं पोचतात नऊ प्रश्नचिन्हं.
"ताई, हे काय विचारायलात तुम्ही?"
"मी कुठं काय विचारायलेय?"
"नऊदा विचारलंय की."

प्रोग्रॅम म्हणतो, पूर्ण झालं.
सगळं पोचलं का, धड पोचलं का,
हे बघणं त्याच्याकडं नाही, तेही ऐच्छिक.
मग आम्ही दोघं फोनवर.
पानं किती? चारशे दोन. बरोबर.
मधलं दोनशेवं उघडा. उघडलं. डाग आहे?
आहे, चहाचा असंल. हो, चहाचाच.
शेवटच्या पानावर खाली काय दिसायलंय?

"अंगठा हाय."
"कुणाचा? नाव असंल बाजूला."
"नाव नाही. शाई बी नाही ताई.
निस्ता अंगठा. खरा. नखासकट."

कोपरा वळायचा म्हणून सरांनी धरलेलं पान.
मी ते पुन्हा स्कॅन करायला हवं होतं.

सर आता बीदरला, लेकीकडं.
मोतीबिंदू काढला, दुसऱ्या डोळ्याचं राहिलंय.
पानावर तारीख फसली तेराशे एक्केचाळीस.
स्कॅन केलं अकरा फेब्रुवारीला,
त्या दिवशी सरांनी भजी आणली होती.
पण जुनी तारीख सोबत नेणं
या प्रोग्रॅमला येत नाही.
जे पोचतं ते पोचल्या दिवसाचं होतं.
तिकडच्या कॉम्प्युटरवर लिहिलंय:
आज, रात्री एक वाजून सहा मिनिटं.

म्हणजे आज रात्री एक वाजून सहा मिनिटांनी
खतीब सर या खोलीत
पान धरून उभे होते.

"तारीख टिकवणारा दुसरा येतो म्हणे ताई,
विकतचा. पुन्हा सुरू बी करतो तुटलं तर.
अर्ज टाकू का वर?"

मी म्हटलं, तुटल्याचं तेवढं बघा.
तारखेचं राहू द्या सध्या.

फोन ठेवला.
स्कॅनरच्या काचेवरून एक काडी उचलली,
कुठं ठेवावी कळेना, केसात खोचली.
पुढचा बस्ता सोडलाय.
चार टक्के.